संगणकातला दोरा

वहीची सुटी पाने आपण दोऱ्याने शिवतो. संगणकातही पाने जोडता येतात. अशा पानांच्या फाईलला पीडीएफ म्हणतात. ती ॲडोबी कंपनीने १९९३ साली काढली.

माझ्या ताईला तालुक्याच्या वसतिगृहात जायचे आहे. अर्जाचा शेवटचा दिवस होता. कागद चार, पण फाईल एकच मागितली होती. रेशनकार्डाच्या फाईलीत सहा पाने होती, पहिलेच हवे होते. सेवा केंद्रातल्या दादांनी ते वेगळे काढले. याला स्प्लिट म्हणतात. मग चारही कागद ओळीने जोडले. त्याला मर्ज म्हणतात. नव्या फाईलला वेगळे नाव दिले, म्हणून जुन्या फायली तशाच राहिल्या. खरा कागद फाडला की फाटतोच!

अर्ज गेला. आई म्हणाली, "पोरगी शिकंल आता." ताई गेल्यावर मला करमणार नाही, पण तिने खूप शिकावे.