महागावची वासरं आणि शिंप्याची टेप

यवतमाळहून आर्णीमार्गे उमरखेडकडे निघालं, की वाटेत महागाव लागतं. तालुक्याचं गाव. नागपूर-तुळजापूर महामार्ग इथूनच जातो. चहूकडे कपाशी, सोयाबीन नि तूर. तालुक्याजवळून पैनगंगा वाहते. पण आज आपण नदी बघायला नाही, एका गोठ्यात जाणार आहोत.

गव्हाणीत सोयाबीनचं कुटार, कोपऱ्यात सरकीच्या ढेपेचं पोतं, आणि खुंटीला काय? शिंप्याची टेप! ती वासराचं वजन काढायला. जनावराचा मोठा काटा घरी कुठून आणणार?

रीत सोपी आहे. वासरू सपाट जागी सरळ उभं करायचं. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजायचा. मग खांद्याच्या हाडापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी. घेराला घेरानंच गुणा, त्याला लांबीनं गुणा आणि ६६० नं भागा. उत्तर किलोत येतं. तो अंदाजच, पण कामाचा.

या घरची सहावीतली मुलगी दर महिन्याला वहीत मापं लिहिते. तिची संकरित कालवड जन्मली तेव्हा घेर २८ इंच, लांबी २५. म्हणजे जवळजवळ ३० किलो. तीन महिन्यांनी घेर ३६, लांबी ३२. करा बरं गणित! सुमारे ६३ किलो.

पुढच्या महिन्यात मात्र टेप ३६ वरच थांबली. दिवस पावसाळ्याचे. कालवड खात होती, उड्याही मारत होती. नुसत्या डोळ्यांना काही कळलं नसतं, पण वहीनं सांगितलं. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं, तर पोटात जंत! औषध दिलं. महिन्याभरात घेर ३८ झाला, लांबी ३४, वजन ७४ किलोच्या वर.

एवढा खटाटोप कशासाठी? संकरित कालवड साधारण अडीचशे किलोची झाली, की गाभण राहण्याजोगी होते. नीट वाढली तर हे दीड वर्षात होतं. खुंटली तर वर्षभर उशीर. तेवढे दिवस चारा जातो, दूध मात्र येत नाही. कापूस पावसानं दगा दिला की बुडतो. अशा वेळी दुधाच्या पैशांवरच घर चालतं.

म्हणून सुरुवात पहिल्या दिवसापासून. जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक पाजायचा. रोगांशी लढायची ताकद त्यातूनच मिळते. पुढे रोज वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं दूध. ३० किलोच्या वासराला तीन लिटर! तेच विकलं तर चार पैसे येतील, असं कुणालाही वाटेल. त्यावर घरच्या आजी म्हणाल्या, "आज वासराच्या तोंडचं दूध इकलं, तं उद्या गाय कोठून आणाल बाप्पा?"

तुमच्या घरी किंवा शेजारी वासरू आहे का? मग मोठ्या माणसाला ते धरायला सांगा, टेप घ्या आणि वहीचं पहिलं पान आजच लिहा.