शेवटचे तीन किलोमीटर

यूट्यूबवरच्या ऑफ-रोडिंगच्या व्हिडिओंमधली गाडी बहुतेक वेळा रिकामी असते. थारमध्ये दोघे मित्र, खाली चिखल आणि सल्ला ठरलेला: टायरची हवा कमी करा, पकड वाढते. वाढतेच. पण आमच्या टँकरमध्ये 10,000 लिटर पाणी असतं, म्हणजे नुसतं पाणीच 10 टन. एवढ्या वजनाखाली हवा कमी असली की टायरची साईड सारखी दबते, तापते आणि फुटते.

म्हसवड पर्जन्यछायेत येतं. आमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस; आमच्याकडे त्याचा दहावा हिस्साही नाही. 2012-13 सारख्या दुष्काळात वाड्यावस्त्या टँकरवरच जगतात. आमची एक खेप तीसेक किलोमीटर डांबरावरून आणि शेवटचे तीन किलोमीटर मुरूम, दगडगोटे, कोरडा ओढा आणि वेड्या बाभळीच्या काट्यांतून.

टायर घ्यायचा तो कुठल्या रस्त्यासाठी? आमच्या घरातला वाद एवढाच.

हिशेब सांगतो, तीस किलोमीटरसाठी. रेडियल टायर डांबरावर कमी तापतो, जास्त चालतो, डिझेल वाचवतो. पण त्याची साईड लवचीक आणि पातळ. टोकदार दगड तिथे लागला की टायर गेला. नायलॉनच्या टायरचे थर एकमेकांना छेदत साईडपर्यंत येतात, म्हणून तो ताठ राहतो, मार खातो. पुढे रिब हवा, उभ्या रेषांचा, त्याने स्टिअरिंग हलकं चालतं. मागच्या चारांना लग, आडव्या जाड गट्ट्यांचा. मुरुमात तोच गाडी ओढतो. डांबरावर मात्र आवाज करतो आणि लवकर झिजतो. डिस्क लोखंडीच बरी. वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉय तडकतं.

मी रेडियलच्या बाजूने वहीत आकडे मांडले होते. अण्णांनी ते नीट वाचले, मान्यही केले. मग म्हणाले, "सडकंवर बंद पडलो तर आपला खोळंबा हुतो. वड्यात बंद पडलो तर वस्तीचा."

त्या वस्तीवर टँकर आला नाही की हंडे घेऊन विहिरीकडे कोण जातं, हे मला माहीत आहे. बायका आणि पोरी. त्या दिवशी पोरींची शाळा बुडते. वहीत त्याचा रकाना नव्हता.

मागे लग नायलॉन घेतले. घेताना साईडवरच्या तारखेचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. दुकानात पडून राहिलेलं रबरही म्हातारं होतं.

आता ओढ्याअलीकडे गाडी थांबवतो. मागच्या जोडचाकांमध्ये दगड अडकलाय का बघतो, टॉमीने प्रत्येक टायर ठोकतो. आवाज टणक आला की गियर टाकतो.