हौस ही श्रीमंतांचीच का?

गेल्या पौर्णिमेला विहारातून परतताना आमची भाची म्हणाली, "मामा, मला विमान चालवायला शिकायचंय." आम्ही कौतुकाने विचारले, "पायलटची नोकरी करणार?" ती म्हणाली, "नाही. नुसती हौस." आमच्या तोंडून पटकन निघून गेले, "आपल्या माणसांना असली हौस परवडते का?" ती गप्प झाली.

ते वाक्य रात्रभर आम्हालाच टोचत राहिले. वीस वर्षे कारकुनी करून आम्ही पोरांना एकच प्रश्न शिकवला : याने नोकरी लागेल का? बाबासाहेब तर एवढ्या व्यापातही व्हायोलिन शिकले, बागेची हौस केली.

मग आम्ही चौकशी केली. हौशी वैमानिकाचा खाजगी परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. त्यासाठी वय 17 पूर्ण आणि शिक्षण दहावी पास पुरे. शिकाऊ परवाना तर 16 व्या वर्षीही मिळतो. वैद्यकीय तपासणी दुसऱ्या वर्गाची. ती आधीच करून घ्यावी, म्हणजे फी भरून पस्तावण्याची वेळ येत नाही. हवामान, दिशाज्ञान, हवाई नियम यांची परीक्षा द्यावी लागते. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. उड्डाण किमान 40 तासांचे. त्यातले काही तास शिक्षकाशिवाय, एकट्याने. या परवान्यावर विमान चालवून मोबदला मात्र घेता येत नाही. पोटासाठी उडायचे तर व्यावसायिक परवाना हवा, त्याला 200 तास लागतात.

खरी अडचण पैशाची. विमानाच्या एकेका तासाला हजारो रुपये मोजावे लागतात. व्यावसायिक अभ्यासक्रम अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत बसतो. हौसेचा खर्च ज्याचा त्यानेच करायचा. वस्तीतले एक ज्येष्ठ म्हणाले, "एवढ्या पैशात दोन पोरं शिकतील." त्यांचे म्हणणे खोटे नाही. आमच्यापाशी उत्तर नव्हते. भाचीपाशी होते : "मामा, मी कुणाकडे मागत नाही. आधी कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये जाते. तिथं मायक्रोलाइट विमानात बसायला मिळतं. पुढं कमावीन आणि एकेक तास शिकीन."

वैद्यकीय तपासणीची फी आम्ही देणार आहोत. त्या रात्रीच्या वाक्याची एवढी तरी भरपाई व्हावी.

पालकांनो, मुलांना नोकरीचे जरूर विचारा. पण त्यांनी आकाशाकडे बोट दाखवले, तर आमच्यासारखे आधी खिसा चाचपू नका. जयभीम!