उद्या या, असं न सांगणारं राज्य

तेलगावच्या चौकात बीड-परळी रस्त्याला माजलगाव आणि धारूरचे रस्ते मिळतात. पहाटे अशा रस्त्यांच्या कडेनं भरतीची तयारी करणारी पोरं धावतात. अंतर सोळाशे मीटर, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. फौजेच्या आणि पोलिसांच्या मैदानावर सेकंदांनी फैसला होतो, तिथं कुणाची चिठ्ठी चालत नाही, ही त्यांची श्रद्धा. घरची दुसरी वाट त्यांना पाठ असते. दसरा झाला की उचल घेतलेल्या आई-बापांनी बिऱ्हाड ट्रकवर चढवायचं, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जायचा आणि कुठल्या कारखान्यावर जायचं ते मुकादमानं ठरवायचं. जवळच सुंदरनगरला साखर कारखाना असला, तरी जिल्ह्यातले लाखो लोक दरसाल पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. अशा मुलखात लष्करी मोहिमांच्या, हेरगिरीच्या, सत्तेच्या डावपेचांच्या कादंबऱ्यांची गोडी का लागावी? ‘देशप्रेम’ हे उत्तर ओठांवर तयार असतं. मला ते अपुरं वाटतं. माझ्या मते खरी ओढ आहे ती घड्याळाची. दिलेला हुकूम ठरल्या वेळी पार पडतो आणि फसला तर चूक कुणाची ते कळतं, असं राज्य वाचकाला या कादंबऱ्यांत भेटतं.

ही ओढ वयाबरोबर रूप बदलते. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप वाचण्याच्या वयात शौर्य पुरेसं असतं. दोघांनीही हजाराच्या वर पुस्तकं लिहिली आणि एसटी स्टँडवरच्या बुकस्टॉलपासून तालुक्याच्या वाचनालयापर्यंत ती हातोहात फिरली, पानं सुटेपर्यंत. नायकाच्या नावामागे लष्करी हुद्दा लागला की पोरसवदा वाचकाचा निम्मा विश्वास आधीच बसलेला असे. पंचविशीत फ्रेडरिक फोर्सिथ मराठी अनुवादातून हाती येतो, आणि शौर्यापेक्षा कामाची रीत डोळ्यांत भरते. चाळिशी उलटली की अरुण साधूंचं ‘सिंहासन’ कळू लागतं. १९७७ साली आलेल्या या कादंबरीत हुकूम देणारेच एकमेकांच्या खुर्च्या ओढत असतात. वरवर पाहता ही कॅप्टन दीपच्या उलट टोकाची कादंबरी. पण दोन्ही वाचताना मनात प्रश्न एकच असतो: वरती कुणी आहे का, आणि त्याला काम येतं का?

फोर्सिथची ‘द डे ऑफ द जॅकल’ (१९७१) हा माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या खुनाची सुपारी, एवढंच तिचं बीज. द गॉल १९७० साली घरीच वारले, हे तेव्हाच्या प्रत्येक वाचकाला माहीत होतं. म्हणजे कट फसणार हे पहिल्या पानापासून उघड. तरी पुस्तक हातातून सुटत नाही, कारण आपण शेवट वाचतच नसतो. मेलेल्या मुलाच्या जन्मनोंदीवर पासपोर्ट कसा निघतो, बंदुकीचे सुटे भाग कुबडीत कसे दडतात, खरबुजावर नेम कसा बसवला जातो, हे आपण वाचत असतो. पलीकडे पोलीस अधिकारी लबेल हॉटेलांत उतरलेल्यांच्या नोंदी चाळत बसतो. त्याची फाइल पुढे सरकते! ऊस कारखान्याला घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावेत, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, आणि त्या चौदा दिवसांसाठी राज्यात आंदोलनं करावी लागली आहेत. ज्याला हे ठाऊक आहे, त्या वाचकाला सरकणारी फाइल बंदुकीच्या गोळीइतकीच थरारक वाटली तर नवल नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो द्वेषाचा. या कादंबऱ्या शत्रूचा बागुलबुवा उभा करतात आणि त्याच्यावर पोसल्या जातात, असं म्हणतात. स्वस्तातल्या पुस्तकांबद्दल ते खरंच आहे. पण द्वेष हेच इंधन असतं, तर ‘जॅकल’ चाललीच नसती. तिथं वाचक अर्धा वेळ मारेकऱ्याच्याच खांद्यावर बसलेला असतो. शिवाय मराठी वाचकाचा खरा संताप सीमेपलीकडच्या माणसावर निघत नाही, तो फितुरावर निघतो. गनिमी कावा आणि बहिर्जी नाईकांच्या कथांवर वाढलेल्या भाषेत ‘फितूर’ हा शब्द शिवीपेक्षा जड आहे. आणि फितूर म्हणजे तरी कोण? आपल्याच घरात बसून काम बिघडवणारा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हुकूम झटपट पार पडण्याची ही तहान माणसाला हुकूमशहाच्या दारात नेऊन उभी करते. आणीबाणीत गाड्या वेळेवर धावतात म्हणून खूश झालेली माणसं याच समाजात होती. हा आक्षेप मला मोडून काढता येत नाही. मात्र त्याला प्रत्यक्षाची जोड द्यावीशी वाटते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात जे घडलं, त्यात कादंबरीतलं घड्याळ नव्हतं. एनएसजीचे कमांडो मानेसरहून मुंबईत पोचेपर्यंत पहाट झाली. त्रुटी शोधायला राम प्रधान समिती नेमावी लागली. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर साध्या लाठीनिशी उभ्या असलेल्या पोलीस तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोर कसाबच्या रायफलची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. म्हणून कसाब जिवंत सापडला. कादंबरीत त्याचा निकाल पुढच्या पानावर लागला असता. प्रत्यक्षात वकील दिला गेला, साक्षी झाल्या, २०१० मध्ये शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये ती कायम केली आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला येरवड्यात फाशी झाली. चार वर्षं लागली, पण हेही काम पारच पडलं. संथ असणं आणि टाळणं यांतला फरक इथं दिसतो, आणि या कादंबऱ्या नेमका तेवढाच झाकतात.

म्हणून त्या वाचूच नयेत, असं मी म्हणणार नाही. वाचून उठताना त्यांतली बंदूक पुस्तकात ठेवावी आणि घड्याळ सोबत न्यावं. ते वापरायची जागा फार लांब नाही. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानं प्रत्येक कार्यालयाला एक फलक लावायला सांगितलं आहे: सेवा कोणती, दिवस किती, पदनिर्देशित अधिकारी कोण, अपील कुणाकडे. मोहीम, मुदत, जबाबदार माणूस. कुठल्याही थरारकथेचा कच्चा आराखडा असाच असतो. तालुक्याच्या कचेरीत लोक या फलकाला पाठ टेकून रांगेत उभे असतात. सोळाशे मीटरचे सेकंद मोजणाऱ्या पोरानं एकदा मागं वळून तो वाचावा आणि खिडकीपलीकडून ‘उद्या या’ ऐकू आलं की दिवस मोजायला लागावं.