निळा धूर

मोटारीचा धूर वाचता न आल्यामुळे आमच्या हातून एका तरुणावर अन्याय घडला. ती हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावी, असे बरेच दिवस मनात होते.

आमच्या मुरुडच्या बिऱ्हाडी एक जुनी मारुती आठशे आहे. या जातीच्या गाड्या १९८३ साली निघू लागल्या व २०१४ च्या आरंभी बंद झाल्या. तेव्हा आमची गाडी वयस्कच म्हणावयाची. दापोलीहून आसूदचा उतार उतरून पायथ्याशी पुन्हा वेग दिला की मागे निळसर धुराचा लोट उठे. सकाळी गाडी सुरू करतानाही तसेच. मग थोड्या वेळाने धूर निवळे. आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. लक्ष गेले ते ऑइलकडे. दर महिन्यास ते कमी भरे, आणि गाडीखालच्या जमिनीवर तर एक थेंबही नाही!

ऑइल घालण्याचे काम मेस्त्र्यांकडील एक उमेदवार तरुण करी. गळत नाही, त्या अर्थी ते पुरते पडतच नसावे, असा तर्क लढवून आम्ही मेस्त्र्यांदेखत त्यास तसे बोललो. तो खाली पाहत राहिला. मेस्त्री एवढेच म्हणाले, "सर, शनिवारी गाडी ठेवा आणि तुम्हीही थांबा."

शनिवारी मेस्त्र्यांनी प्रथम तिन्ही सिलिंडरांचा दाब मोजला. तो चांगला भरला. म्हणजे पिस्टनच्या रिंगा निर्दोष होत्या. मग त्यांनी आम्हांस इंजिनाचा माथा उघडून दाखविला. तेथे सहा झडपा असतात. इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असता प्रत्येक झडप सेकंदास पंचवीस वेळा उघडते. तिच्या दांडीस ऑइल हवे, पण अगदी बेताचे. अधिकाचे पुसून काढण्यास प्रत्येक दांडीवर एक लहानशी रबरी टोपी असते. तिलाच व्हॉल्व्ह सील म्हणतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक झाले की रात्री माथ्यावरचे ऑइल दांडीवरून आत झिरपते व सकाळी जळते. उतारावर पाय उचललेला असता इंजिन आतून जोराने ओढ घेते व ऑइलही शोषते. पायथ्याचा धूर तो हाच!

काम त्या तरुणानेच केले. त्याने स्पार्क प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडली आणि पिस्टन हळूहळू वर आणला. दोरी दाटली व तिने झडपा खालून उचलून धरल्या. अन्यथा स्प्रिंग काढताच झडप आत पडावयाची. या युक्तीने माथा उतरविण्याचा खर्च वाचला. इवलेसे लॉक आत पडू नयेत म्हणून त्याने भोवतालच्या भोकांवर फडके पसरले होते. इतकी दक्षता आम्ही आमच्या वह्या तपासताना घेतो काय, असे मनात आले.

निघालेली पहिली टोपी त्याने आमच्या तळहातावर ठेवली. सुपारीसारखी टणक! नख रुतेना.

दोष मेस्त्र्यांदेखत दिला होता, म्हणून क्षमाही त्यांच्यादेखतच मागितली. "असू द्या, सर," म्हणून तो पुढची स्प्रिंग दाबू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू करताच पुन्हा धूर दिसला, आणि सांगावयास लाज वाटते, आमच्या मनात तत्काळ शंका आली. तो सायलेन्सरमध्ये साचलेल्या जुन्या ऑइलचा होता. चार दिवसांत निवळला.