बिनकामाचा हुद्दा

गेलीं अठ्ठावीस वर्षें मी महाविद्यालयांत इंग्लंडच्या राज्यघटनेचा इतिहास शिकवीत आहें. त्यांत लॉर्ड लेफ्टनंट या हुद्द्याचा उल्लेख आला कीं माझा एक ठरलेला विनोद असे. परगण्यांत राजाचा प्रतिनिधि म्हणून नेमलेल्या या गृहस्थाला पगार नाहीं, काम नाहीं, पण तलवार मात्र आहे! वर्ग हंसे आणि मी पुढच्या मुद्द्याकडे वळत असें.

मुळांत हा हुद्दा पोकळ नव्हता. पूर्वीं परगण्यांतलें सैन्य गोळा करण्याचें काम शेरीफकडे असे. आठव्या हेन्रीनें १५४० नंतर तें आपल्या विश्वासांतल्या सरदारांकडे सोंपविण्यास आरंभ केला. आणि १५८५ सालीं स्पेनशीं युद्ध जुंपल्यावर एलिझाबेथ राणीनें जवळजवळ प्रत्येक परगण्यावर असा अधिकारी बसविला. केंटमध्यें तो मान लॉर्ड कॉबमचा होता. लढण्याजोग्या पुरुषांची मोजदाद करावयाची, कोणाजवळ कोणतें शस्त्र आहे याचीं टांचणें ठेवावयाचीं, शत्रु दिसतांच टेकडीटेकडीवर इशाऱ्याचे जाळ पेटतील अशी तजवीज करावयाची, हें सारें त्याच्या शिरावर. परक्याला किनाऱ्यावर पाय ठेवूं द्यावयाचा नाहीं, यासाठींच तर तो तेथें होता.

पुढचा एक भाग मी नेहमीं रंगवून सांगतों. १६८७ सालीं दुसऱ्या जेम्सनें या अधिकाऱ्यांस हुकूम केला कीं परगण्यांतील प्रतिष्ठितांना तीन प्रश्न विचारा. कॅथॉलिकांविरुद्धचे कायदे रद्द करण्यास ते अनुकूल आहेत काय, हा त्यांतला गाभा. कित्येकांनीं हें काम करण्याचें साफ नाकारलें व पद गमावलें. राजानें पुढच्याच वर्षीं राज्य गमावलें. राजाचाच माणूस राजाला नाहीं म्हणतो, हें मला फार आवडे. त्यानंतर मात्र उतरती कळा. १८७१ सालीं परगण्याचें सैन्य त्यांच्या हातून गेलें, १९२१ सालीं माणसें बोलावण्याचा उरलासुरला अधिकारहि गेला. राहिलीं तीं स्वागतें, पदकें आणि गणवेश.

आमची कन्या नोकरीनिमित्त याच केंटमध्यें राहते. आपण ब्रिटिश नागरिकत्व घेणार, असें तिनें कळविल्यापासून सहा महिने आम्हां दोघांत धड बोलणें नव्हतें. २०२३ सालीं तिच्या शपथविधीला मी गेलों तो पत्नीच्या आग्रहानें.

साधेंच दालन होतें. राजाची तसबीर, एक ध्वज, पन्नासएक खुर्च्या. आणि लॉर्ड लेफ्टनंटांच्या वतीनें आलेल्या, छातीवर फितीला पदक लावलेल्या एक वृद्ध बाई! २००४ सालापासून तेथें असे समारंभ होतात आणि राजाचा प्रतिनिधि त्यांना हजर असतो, हें मला पुस्तकांतून ठाऊक होतें. पण ज्या हुद्द्यानें परक्यांसाठीं टेकड्यांवर जाळ रचले, तोच आतां दाराशीं उभा राहून परक्यांचे हात हातांत घेतो, हें डोळ्यांनीं पाहीपर्यंत माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. बाई प्रत्येकाचें नांव विचारून घेत होत्या. आमच्या मुलीचें नांव त्यांना पहिल्यांदा साधलें नाहीं, दुसऱ्यांदाहि नाहीं. तिसऱ्यांदा साधलें तेव्हांच त्यांनीं तिचा हात सोडला.

मुलीनें शपथ घेतली. आपल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणें ती आतां भारताची नागरिक राहिली नव्हती. माझ्या मनांत तो विनोद आला होता. तो तेथेंच कोठेंतरी विरला.

चहाच्या वेळीं बाई माझ्याकडे आल्या. "आपली मुलगी आम्हांला दिलीत, आभारी आहोंत," असें त्या म्हणाल्या. मीं ती दिल्याचें मला आठवत नव्हतें. लॉर्ड कॉबमची गोष्ट जिभेच्या टोकावर होती, पण माझ्या तोंडून निघालें तें एवढेंच, "तिला थंडी सोसत नाहीं." बाईंनीं गंभीरपणें मान डोलाविली, जणूं कांहीं ही बाब राजाच्या कानांवर घालावयाची होती.

परततांना गाडींत मुलगी म्हणाली, "बाबा, जुना पासपोर्ट आतां रद्द होऊन येईल. तुम्ही ठेवाल का?" मीं होय म्हटलें. तो माझ्या टेबलाच्या खणांत आहे.

यंदा लॉर्ड लेफ्टनंटचा तास घेतला, तेव्हां मीं तो विनोद केला नाहीं. वर्ग नवा होता. कोणालाहि कांहीं चुकल्यासारखें वाटलें नाहीं.