फलटणमार्गे कंबोडिया

सध्या मी भेटेल त्याला धरून एकच गोष्ट सांगते आहे. बदलापूर लोकलमध्ये शेजारी बसलेल्या एका अनोळखी ताईंनाही सांगून झाली. त्यांना अंबरनाथला उतरायचं होतं, तरी दारापर्यंत जाऊन त्या मागे वळून विचारत होत्या, "मग पुढे काय झालं?" आता तुम्हालाही सांगते.

मला कंबोडियात जाऊन मुलांना इंग्रजी शिकवायचंय. पगारासाठी नाही, स्वयंसेवक म्हणून. त्यासाठी १२० तासांचा कोर्स केला, रात्र रात्र बसून संस्थांची माहिती वाचली. बऱ्याच संस्था शिकवायला येणाऱ्याकडूनच पैसे घेतात आणि मुदत म्हणाल तर दोन-दोन आठवड्यांचीही असते. दोन आठवड्यांत मुलांची नावं तरी नीट उच्चारता येतील का? माझ्या जुन्या सरांना हेच विचारलं. सर म्हणाले, "अगं, फलटणच्या मॅक्सीनमावशींबद्दल वाच."

वाचलं, आणि त्या रात्री झोपच लागली नाही!

मॅक्सीन बर्नसन. अमेरिकेच्या. १९६१ मध्ये त्या हैदराबादला आल्या, आणि कशासाठी? विवेकवर्धिनी कॉलेजात इंग्रजी शिकवायला! म्हणजे मी जे करायला निघालेय तेच, फक्त त्या तिकडून इकडे आल्या होत्या. आल्या इंग्रजी शिकवायला आणि मराठी शिकायला लागल्या. परत जाऊन भाषाशास्त्र शिकल्या, १९६६ मध्ये फलटणला आल्या आणि पीएचडी केली ती फलटणची माणसं कशी बोलतात यावर! पुढे १९७८ मध्ये भारताचं नागरिकत्वच घेतलं. जाई निंबकरांबरोबर त्यांनी लिहिलेलं मराठीचं व्याकरण १९७५ सालचं आहे, इंटरनेटवर फुकट वाचता येतं, आणि मी ते कादंबरीसारखं वाचतेय. ‘मी आंबा खाल्ला’ म्हणताना क्रियापद माझ्याशी जुळत नाही, आंब्याशी जुळतं. जन्मभर असं बोलत आले, पण कधी थांबून पाहिलंच नव्हतं. मराठी मुलांना इंग्रजी वाक्य अवघड का जातं, ते मला इथे पहिल्यांदा दिसलं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. फलटणमधली दलित वस्तीतली मुलं शाळेत जात होती, वरच्या वर्गात ढकललीही जात होती, पण त्यांना वाचता येत नव्हतं. मावशींनी त्यांना वाचायला शिकवायचं काम हाती घेतलं. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली, १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन. इंग्रजी शिकवायला आलेल्या बाईंनी काढलेली ही शाळा मराठी माध्यमाची! आणि ज्यांच्या नावाने ती काढली त्या कमलाताई निंबकरही जन्माने अमेरिकन, भारतात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू करणाऱ्या. मी अंथरुणातून उठून आईला हे सांगायला गेले, रात्री दीडला.

फलटणला रुजलेली वाचनाची रीत तर मला फारच आवडली. आधी सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द, असा लांबचा फेरा नाही. थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा हाती द्यायची की मूल लगेच शब्द वाचू लागतं, स्वतःच्या मनातलं बोलू-लिहू लागतं.

उल्हासनगरात पाच नंबर कॅम्पला मी रविवारी मुलांचा वर्ग घेते. बहुतेकांचे आईवडील जीन्स शिवायच्या कारखान्यांत, घरी हिंदी किंवा भोजपुरी. मी माझ्या मनाने म, क, न, ब, र ही अक्षरं निवडली, सोबत काना दिला आणि बाजूला झाले. काम, नाक, मामा, बाबा, मकान! पोरं ओरडून शब्द सांगत होती. मागच्या रांगेतला एक मुलगा, एरवी तोंडही न उघडणारा, फळ्याशी आला आणि त्याने लिहिलं, ‘कारनामा’. बरोबर तीच अक्षरं, तोच काना! मी दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होते.

मग वाटलं, मावशी आधी लोकांची भाषा शिकल्या, तर मी का थांबायचं? वर्गाच्या खालच्या मजल्यावर एक सिंधी आजी राहतात. फाळणीनंतर आलेल्या कुटुंबातल्या, इथल्याच बराकीत जन्मलेल्या. त्यांच्याकडे सिंधी शिकायला बसते. सिंधीत चार व्यंजनं अशी आहेत की म्हणताना हवा आत ओढली जाते! मराठीत असं काहीच नाही. आजी माझी हनुवटी धरतात आणि म्हणून घेतात. त्यांतलं एक मला जमलंय, उरलेली जमतीलच.

कंबोडियाला तर जाणारच. पण निदान वर्षभर ठेवून घेणाऱ्या शाळेतच, आणि ख्मेर शिकून. त्यांची लिपीही दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीतून निघालेली, आणि अक्षरांचा क्रम आपल्याच वळणाचा, ‘क’च्या वर्गापासून सुरू होणारा. पहिली ओळ मी गिरवायला घेतली आहे. त्याआधी मे महिन्यात स्वारगेटहून एसटी धरून फलटणला जाईन. कुणाला बरोबर यायचं असेल तर रविवारी वर्गावर या, तिथूनच ठरवू.